बंड, समर आणि गोडसे भटजी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचकमंडळाच्या बैठकीत विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकावर चर्चा झाली. आमचे मंडळ लहान आहे. बहुतेक सभासद माझ्यासारखेच दिवसभर सरकारी फायली उपसून आलेले, आणि संध्याकाळी दोन घटका आपल्या भाषेत बोलावयास मिळावे एवढ्याच लोभाने करोलबागेतील कोणा स्नेह्याच्या दिवाणखान्यात जमणारे. त्या दिवशी एका निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांनी चर्चेचा समारोप केला. त्यांचा व्यासंग मोठा, आणि त्यांचे मत म्हणजे मंडळात बहुधा शेवटचा शब्द असतो. ते म्हणाले, पुस्तक रसाळ आहे यात शंका नाही. परंतु १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी त्यात काही शोधू नये. दक्षिणेच्या आशेने घराबाहेर पडलेल्या एका भित्र्या भिक्षुकाने दाराच्या फटीतून जे पाहिले, ते त्यात आहे. युद्ध जाणून घ्यावयाचे असेल तर सावरकरांचा ग्रंथ वाचावा.

सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण वयाने आणि हुद्द्याने मी तेथे सर्वांत कनिष्ठ. परंतु परतताना काही केल्या ते मत गळ्याखाली उतरेना. दाराच्या फटीतून पाहणे हा दोष कसा? शहराला वेढा पडलेला असताना लाखभर माणसांपैकी बहुतेकांना दाराची फट एवढीच काय ती जागा उरते. तिथून जे दिसते ते युद्ध नव्हे, असे म्हणावयाचे असेल तर युद्ध म्हणजे फक्त सेनापतींचे खलिते असे मानावे लागेल. तेव्हा बैठकीत जे बोलण्याचे धैर्य झाले नाही ते येथे लिहीत आहे. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांविषयी माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही, हे आरंभीच सांगतो.

पुस्तकाचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण माझ्या तक्रारीचा पहिला भाग त्या इतिहासातच आहे. विष्णुभट हे पेणजवळच्या वरसई गावचे. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिकडे विद्वान ब्राह्मणांस भरघोस दक्षिणा मिळणार आहे, अशी बातमी आली. तेव्हा १८५७ साली हे तिशीच्या उंबरठ्यावरचे भटजी आपले काका रामभट यांच्यासह उत्तरेस निघाले. वडिलांची संमती सहज मिळाली नाही. त्या मुलखात भांग पितात आणि तिकडच्या बायका परक्या पुरुषावर मोहिनी घालतात, ही त्यांची धास्ती होती. दिल्लीस बदली झाल्यावर आपल्यापैकी कित्येकांच्या घरी याच अर्थाचे काही ना काही ऐकावे लागले असेल. काळानुसार भांगेची जागा दुसऱ्या पदार्थांनी घेतली, इतकेच.

भटजी निघाले ते द्रव्यार्जनासाठी, आणि वाटेत सापडले बंडात. महूच्या आसपास त्यांना शिपाई भेटले आणि लवकरच मोठा उठाव होणार असल्याची कुणकुण लागली. तरी ते परत फिरले नाहीत. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, काशी असा फेरा करून दोन-अडीच वर्षांनी ते घरी पोहोचले. पुढे पुष्कळ वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. आपल्या हयातीत ती छापू नये अशी अट होती. वैद्यांनी ती पाळली आणि भटजींच्या पश्चात, १९०७ साली, ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र प्रसिद्ध करताना त्यांनी भाषा सुधारली, काही मजकूर गाळला, काही जुळवून घेतला. मूळ लेखन त्यांनी पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले, ही त्यांची थोरवी. पण ते मूळ वाचकांपुढे यावयास १९६६ साल उजाडले. दत्तो वामन पोतदारांनी ते छापून आणले.

म्हणजे जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने जे पुस्तक गोडसे भटजींचे म्हणून वाचले, ते पुरते भटजींचे नव्हते. आमच्या मंडळाच्या कपाटातील प्रत पाहिली तेव्हा कळले की, त्या दिवशी ज्या पुस्तकावर आम्ही निवाडा दिला ते वैद्यांच्या आवृत्तीचेच पुनर्मुद्रण होते. आमच्यापैकी एकानेही मुखपृष्ठामागचे पान उलटून पाहिले नव्हते. मसुदा कोणाचा आणि सही कोणाची हे पाहिल्याशिवाय कागद पुढे न पाठविणारी आम्ही माणसे. पण साहित्यात शिरलो की ही सवय बाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो.

वैद्यांना मी दोषी धरीत नाही. १९०७ साल कोणते होते ते आठवावे. त्याच्या पुढच्याच वर्षी लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. अशा काळात झाशीच्या कत्तलीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन छापणे हेच धाडस होते. शिवाय वैद्य स्वतः सिद्धहस्त लेखक. भटजींची अघळपघळ, श्वास न घेता धावणारी वाक्ये त्यांना बोचली असतील. परंतु ती वाक्ये हाच या पुस्तकाचा प्राण आहे. मूळ पाठात भटजी बोलत असतात. ओटीवर बसून, सुपारी कातरीत, एका गोष्टीतून दुसरीत जात. सुधारलेल्या पाठात ते लिहू लागतात. जो मनुष्य नुसता बोलतो आहे त्याच्यावर विश्वास बसतो; तोच लिहू लागला की, आता हा आपल्यावर काही ठसवू पाहतो आहे, असा संशय येतो.

आता मुख्य मुद्दा. भटजींनी युद्ध पाहिले नाही, या विधानाची झाशीच्या प्रकरणापुढे काय गत होते ते पाहू. सर ह्यू रोज १८५८ च्या मार्चच्या २१ तारखेस झाशीपुढे आला. एप्रिलच्या ३ तारखेस त्याचे सैन्य तटावरून आत शिरले. ४ तारखेच्या रात्री राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून निसटून काल्पीकडे गेली. या पंधरवड्याचा इंग्रजी वृत्तांत खलित्यांत आहे आणि तो आपल्या परीने चोख आहे. तोफा कोठे रोवल्या, खिंडार कोठे पडले, कोणती तुकडी कोणत्या शिडीवरून चढली, हे सर्व त्यात मिळते. त्यातच असेही मिळते की, राणीने भोवतालचा मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता. गोऱ्या फौजेच्या जनावरांना चारा मिळेना, आणि शिंद्यांकडून व ओर्छ्याकडून रसद आली नसती तर वेढा चालविणे कठीण गेले असते. तोफखान्यावर बायका काम करताना दिसत होत्या, हेही शत्रूनेच नोंदविले आहे.

भटजी या वेळी तटाच्या आत होते. त्यांना चारा ठाऊक नाही, शिडी ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ते आतले. दिवसा तोफेच्या गोळ्यांनी तट ढासळे आणि रात्री गवंडी अंगावर कांबळी पांघरून, आवाज न करता तो पुन्हा बांधीत. रात्री आकाशातून जाणारे तांबडेलाल गोळे कसे दिसत, कुलपी गोळा रस्त्यात पडून फुटला म्हणजे काय होई, लोक जीव मुठीत धरून पाण्याला कसे जात, कोणता गोलंदाज पडल्यावर कोणत्या बुरुजाची तोफ बंद पडली, ती पुन्हा सुरू झाल्यावर गल्लीत काय आनंद झाला. हे सगळे भटजी सांगतात. परक्या साम्राज्याशी झुंजणारे शहर आपली झुंज कशी चालविते याचे इतके जवळचे वर्णन मराठीत दुसरे नाही. कांबळीखालच्या त्या गवंड्यांची नावे कोणत्याच इतिहासात नाहीत. ते राणीचे पगारी शिपाई नव्हते, त्यांच्या हातात समशेर नव्हती. परंतु इंग्रजी तोफांशी रोज रात्री जर कोणी दोन हात केले असतील तर ते त्यांनी. त्यांना युद्धात धरावयाचे की नाही? माझ्या मते ‘माझा प्रवास’ हे पुस्तक या एका प्रश्नासाठी वाचावे.

एका ठिकाणी भटजींचा आणि खलित्यांचा विरोध येतो, तो मौजेचा आहे. इंग्रज तटावर शिड्या लावून चढले, असे इंग्रज सांगतात. भटजी सांगतात की, मजुरांच्या डोक्यावर गवताचे भारे देऊन ते तटापाशी टाकविले, त्यांची पायरी झाली आणि तीवरून गोरे आत आले. खरे कोणते? शिड्या लावणाऱ्यांनी शिड्यांविषयी खोटे लिहावे असे कारण दिसत नाही. परंतु भटजींचे गवत मला टाकवत नाही. त्यांनी ते स्वतः पाहिले असेल वा त्या दिवशी शहरात उठलेली बोलवा ऐकली असेल. पण या एका तपशिलात एक मोठी गोष्ट येऊन गेली आहे. साम्राज्य तटावर चढले ते आपल्याच मजुरांच्या डोक्यावरच्या भाऱ्यांवर पाय देऊन. रोजच्या फौजेत हैदराबादचे व मद्रासचे देशी शिपाई होते आणि तिला रसद देशी संस्थानांची होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही गवताची पायरी निव्वळ भाकडकथा वाटणार नाही.

तटाबाहेरही एक डाव पडला होता. तात्या टोपे मोठी फौज घेऊन झाशीच्या सुटकेस आले, आणि १ एप्रिल रोजी बेतव्याच्या काठी त्यांचा पराभव झाला. तात्यांकडे सुमारे २०,००० माणसे होती असे सांगतात. वेढा न उठविता रोज जेवढी माणसे घेऊन त्यांच्यावर गेला ती १,५०० च्या आसपास. मागे हटताना तात्यांनी रानाला आग लावून धुराचा आडोसा केला, यावरून डोके ठिकाणावर होते असे दिसते; पण फौजेची वीण सैल होती. या पराभवाचा परिणाम झाशीच्या आत काय झाला असेल, हे सांगण्यास भटजींसारखा साक्षीदार हवा. आशेने तटावर चढून पाहणारे लोक आणि मग पसरलेली सुतकी शांतता. सेनापतींच्या चरित्रांत बेतव्याची लढाई अर्ध्या पानात आटोपते. शहराला मात्र ती दोन दिवस पुरली.

पुढची कत्तल. भटजींचा शब्द ‘बिजन’ आहे. ‘मारा’ या फारसी आज्ञेवरून आलेला. ते आणि काका लपून बसले आणि वाचले. लुटीचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना माझ्यातला कारकून थबकला. आधी सोनेरुपे गेले, मग तांब्यापितळेची भांडी गेली, मग कपडालत्ता, मग धान्य. जणू काही एका खात्याचे काम संपले की फाईल दुसऱ्याकडे जावी, तशी एका पलटणीमागून दुसरी पलटण येते आणि आपापल्या वाट्याचे नेते. भटजी येथे आक्रोश करीत नाहीत. ते क्रम सांगतात. साम्राज्याची लूटही शिस्तीची होती, हे कोण्या टीकाकाराने न सांगता नुसत्या क्रमाने सांगणे याला मी मोठे लेखन म्हणतो.

यावर आमचे वडीलधारे स्नेही म्हणतील, आणि त्या दिवशी म्हणालेही, की भटजींना या सर्वाचा अर्थ कोठे कळला होता? त्यांनी पुस्तकाला नाव दिले ‘बंडाची हकीकत’. स्वातंत्र्याचा शब्दही त्यांच्या ओठी नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देण्यात अर्थ नाही. भटजींची राजकीय समज ऐकीव आहे. इंग्रज सरकारने ८४ कलमे काढून राजेरजवाड्यांपुढे ठेवली आणि धर्म बुडविण्याचा घाट घातला, ही बंडाची कारणमीमांसा त्यांनी निःशंकपणे सांगितली आहे. तिला कागदोपत्री आधार नाही. दिल्ली त्यांनी पाहिलीही नाही. जे त्यांच्या पाहण्यातले नाही तेथे ते गावगप्पांच्या स्वाधीन होतात, आणि ब्राह्मणांच्या स्नानाची व भोजनाची आबाळ त्यांना कित्येकदा इतरांच्या मरणाइतकीच लागते. असे असूनही याच पुस्तकात गंगाधररावांच्या बांगड्यांची गोष्ट आहे. पुरुष असून बांगड्या का भरता, असे साहेबाने विचारले तेव्हा, तुमच्या राज्यात सगळ्याच राजांनी बांगड्या भरल्या आहेत, या आशयाचे उत्तर मिळाले, असे भटजी सांगतात. गोष्ट घडली असो वा नसो. ती झाशीच्या गल्लीत सांगितली जात होती. पराधीनता म्हणजे काय हे ज्या लोकांना अशा गोष्टीतून उमगत होते, त्यांना ‘स्वातंत्र्य’ हा शब्द ठाऊक नसला म्हणून काय बिघडले?

सावरकरांनी नेमके हेच केले. लंडनमध्ये बसून, इंग्रजांचेच दप्तर आणि इंग्रजांचेच इतिहास चाळून, त्यांनी इंग्रजांचा शब्द खोडला आणि दुसरा घातला. १९०९ साली ग्रंथाचे इंग्रजी रूप बाहेर पडले, तेही प्रसिद्धीपूर्वीच बंदीचा शिक्का घेऊन. मूळ मराठी हस्तलिखित परदेशात स्नेह्याजवळ राहिले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास परतून छापले गेले. ग्रंथाचे तेज आजही ओसरलेले नाही. परंतु त्यात सर्व काही आधी ठरलेले आहे. गुप्त संघटना आहे, दूत आहेत, ३१ मे हा दिवस मुक्रर आहे, आणि मीरतेच्या शिपायांनी १० मे रोजीच घाई केली म्हणून घोटाळा झाला, अशी मांडणी आहे. शंभराव्या वर्षी, १९५७ साली, सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांचे ग्रंथ आले. सेनांचा ग्रंथ तर खुद्द सरकारने लिहवून घेतलेला. या दोघांनाही अशा एकसूत्री कटाचा पुरावा सापडला नाही. सावरकरांना युद्ध हवे होते, आणि युद्ध म्हटले की योजना हवी. भटजींना काहीच नको होते. त्यांना दक्षिणा हवी होती. म्हणून त्यांच्या पुस्तकात योजना नाही, आणि योजना नसताना लोक कसे लढले ते आहे.

या जागी मला दिल्लीची आठवण काढली पाहिजे. आपण येथे राहतो, आणि १८५७ च्या युद्धाचे सर्वांत मोठे दप्तर आपल्या हाकेच्या अंतरावर, जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ११ मे १८५७ रोजी मीरतेचे शिपाई यमुनेवरचा नावांचा पूल ओलांडून शहरात आले, तेव्हापासून सप्टेंबरच्या २० तारखेपर्यंत बादशहाच्या नावाने या शहरात जो कारभार चालला त्याचे फारसी व उर्दू कागद तेथे आहेत. इंग्रजांनी ते गोळा केले ते बहादूरशहावरच्या आरोपासाठी व इतर अपराध्यांच्या शोधासाठी. त्यांची सूची १९२१ साली छापली गेली. त्यानंतरही ते बहुतांशी पडून राहिले. २००६ साली विल्यम डॅलरिंपल यांचा बहादूरशहावरील ग्रंथ आला आणि २०१० साली महमूद फारूकी यांनी त्यांतील निवडक कागदांचे भाषांतर छापले, तेव्हा आमच्यासारख्यांना त्यांत काय आहे ते कळले.

त्यांत काय आहे? मागणीपत्रे आहेत. मोर्चावर इतके मजूर पाठवा, इतक्या गाड्या, इतके भिश्ती, इतक्या खाटा. दुकानदारांच्या तक्रारी आहेत: शिपायांनी माल नेला, पैसे दिले नाहीत. कोतवालाला हुकूम, कोतवालाचे ठाणेदारास स्मरणपत्र, ठाणेदाराचे उत्तर की मजूर मिळत नाहीत. शिपायांनी दहा जणांची कारभारी सभा नेमली होती; सहा सैन्यातले, चार मुलकी. तिची कलमे लिहिलेली आहेत. परंतु पैसा कोठून आणावयाचा याला कोणत्याही कलमात उत्तर नाही. सावकार दडले किंवा नादार झाले. शिपायांचा पगार थकला. ७ ऑगस्ट रोजी चुडीवालान मोहल्ल्यातील दारूचा कारखाना उडाला, त्यात पुष्कळ कारागीर मेले आणि तोफांचे खाद्यच तुटले. इंग्रजांचा मोठा तोफखाना पंजाबातून येत आहे हे कळल्यावर तो अडविण्यास बख्तखान निघाला. नीमचच्या तुकडीशी त्याचे पटले नाही, आणि २५ ऑगस्टला नजफगडपाशी त्या तुकडीचा एकटीचाच चुराडा झाला. सप्टेंबरच्या आरंभी तो तोफखाना टेकडीवर पोहोचला. १४ तारखेस काश्मिरी दरवाजा उडाला.

आज त्या दरवाजाच्या पायाखालून भुयारी गाडी जाते. रोज मी तेथे गाडी बदलतो. टेकडीवर इंग्रजांनी १८६३ साली आपल्या मृतांचा जो मनोरा उभारला, त्याला १९७२ साली अजितगड असे नाव देऊन, ज्यांना तेथे शत्रू म्हटले आहे ते हुतात्मे होते, अशी पाटी आपल्या सरकारने लावली. पाटी लावणे योग्यच झाले. पण तीही सावरकरी रीतच; शब्द बदलण्याची. कागदांतल्या त्या भिश्त्यांना आणि खाटा वाहणाऱ्यांना कोणती पाटी लावावयाची?

मला असे वाटते की, दिल्लीचे हे कागद आणि झाशीची भटजींची हकीकत एकमेकांशेजारी ठेवून वाचल्यास दोन्हींचा अर्थ लागतो. दिल्लीत शिपाई अधिक होते, बादशहाचे नाव होते, शस्त्रागारातून हाती लागलेल्या तोफा होत्या. परंतु शहर आणि शिपाई यांचे गोत्र जुळले नाही. शिपाई परगावचे, त्यांना खाऊ घालणारे दुकानदार येथले, आणि मध्ये हुकूम चालविणारे कोणी नव्हते, किंवा फार जण होते. झाशी लहान, पण तेथे गवंडी रात्री कामावर येत. त्यांना कोतवालाचे स्मरणपत्र लागत नव्हते असे भटजींच्या हकीकतीवरून दिसते. हा फरक राणीने केला, असे म्हणावयास हरकत नाही. पहाटे उठून व्यायाम करणारी, घोडदौड करणारी, दरबारात बसून न्याय करणारी राणी भटजींनी पाहिली होती, आणि तिच्या शहरात तिचा हुकूम कसा झिरपत असे तेही त्यांनी पाहिले. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ साली लिहिलेल्या चरित्रात कागदपत्रांचा आधार अधिक आहे; पण राणीच्या शहरात राहण्याचा अनुभव फक्त भटजींजवळ आहे.

आणखी एक योगायोग नोंदवून ठेवतो. १८५७ साली पहाडगंजच्या ठाण्यावर मुइनुद्दीन हसन खान नावाचे ठाणेदार होते. बृहन्महाराष्ट्र भवनामुळे पहाडगंज आपल्या सर्वांच्या पायाखालचे आहे. त्यांनीही पुढे इंग्रज स्नेह्याच्या आग्रहावरून आपली हकीकत लिहिली, आणि आपल्या हयातीत ती छापू नये अशी अट घातली. ती १८९८ साली इंग्रजीत निघाली, दुसऱ्या एका दिल्लीकराच्या, मुन्शी जीवनलाल यांच्या, रोजनिशीबरोबर. हे जीवनलाल तर इंग्रजांच्याच नोकरीतले. वेढ्याच्या काळात शहरात राहून बातम्या बाहेर पोहोचविणारे. वरसईचा भिक्षुक आणि पहाडगंजचा ठाणेदार एकमेकांना ठाऊक नव्हते, पण दोघांनी अट एकच घातली. आमच्या बैठकीत भटजींना भित्रे म्हटले गेले तेव्हा मला ही गोष्ट सांगावयाची होती. फाशीची झाडे ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत त्यांचे लिहिणे हीच पुष्कळ मोठी गोष्ट. आणि न छापण्याची अट हा भित्रेपणा असेल तर आपल्यापैकी किती जण टिपणीवर आपले खरे मत लिहितात, हेही विचारून पाहावे. मी लिहीत नाही.

आता तो काल्पीच्या वाटेवरचा प्रसंग. मराठी वाचकाला तो पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे, आणि म्हणूनच तो नीट वाचला जात नाही. झाशी पडली आहे. भटजी लुटले गेले आहेत. वाटेत एका विहिरीपाशी ते असताना काही स्वार येतात. त्यांत धुळीने माखलेली, पठाणी वेषातली राणी आहे. तिला तहान लागली आहे. भटजी तिला ओळखतात आणि पाणी काढून देण्यास पुढे होतात. ती म्हणते की, आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, मीच काढते. आणि मडक्याने पाणी काढून ओंजळीने पिते. मग आपल्या नशिबाविषयी दोन शब्द बोलते: विधवेला पोटापुरते धान्य पुष्कळ होते, पण धर्माच्या अभिमानाने या उद्योगात पडले.

येथे आपण राणीच्या नम्रतेने गहिवरतो आणि पुढे जातो. मला या प्रसंगात दुसरेच दिसते. ही बाई काही दिवसांपूर्वीपर्यंत तोफांना हुकूम देत होती. तटावरून शत्रू आत आला तेव्हा ती स्वतः तलवार घेऊन बाहेर पडली होती आणि एका वृद्ध सरदाराने तिला मागे आणले. मग वाड्यातून जळते शहर पाहून दारूच्या कोठारासह जीव देण्याचे तिच्या मनात आले, तेव्हाही तिला समजवावे लागले. या सगळ्यानंतर विहिरीवर ती जातीची आणि विद्येची पायरी मोडीत नाही. साम्राज्याची आज्ञा जिने झुगारली ती एका भिक्षुकाकडून पाणी घेण्यास कचरते. १८५७ च्या लढवय्यांचे सर्व बळ आणि सर्व मर्यादा या पाण्याच्या मडक्यात आहेत. ज्या गोष्टीसाठी ते लढले ती जुनी होती, आणि जुनी होती म्हणूनच ते तिच्यासाठी प्राण देऊ शकले. राणी त्यानंतर दोन-अडीच महिनेच जगली. जूनमध्ये ग्वाल्हेरपाशी लढताना पडली. तात्यांना पुढच्या वर्षी १८ एप्रिलला शिवपुरीस फाशी झाली. या प्रसंगाचा अर्थ भटजींनी लावून दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी अर्थ लावला असता तर तो नक्कीच चुकला असता.

अमृतलाल नागरांनी हे पुस्तक हिंदीत नेले, आणि अलीकडे इंग्रजीतही त्याची एकाहून अधिक भाषांतरे झाली. माझ्या कार्यालयातील एका बिहारी सहकाऱ्याने मला विचारले, तुमच्या त्या पंडितजींचे पुस्तक मुळात कसे आहे? मी त्याला वैद्यांची प्रत देणार होतो, थांबलो. मंडळाच्या पुढील बैठकीत पोतदारांनी छापलेल्या मूळ पाठाची एक प्रत विकत घेण्याचा ठराव मी मांडणार आहे. रक्कम फार नाही. जुनी प्रत काढून टाकावी असे मी म्हणत नाही. दोन्ही कपाटात शेजारी असाव्यात, आणि पहिल्या पानावर कोणती कोणाची हे शाईने लिहिलेले असावे. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीच अनुमोदन द्यावे अशी माझी त्यांना विनंती आहे.

भटजी घरी परतले तेव्हा मिळविलेल्या द्रव्याचा बहुतेक भाग लुटारूंनी, गोऱ्या आणि काळ्या दोन्ही, नेलेला होता. खांद्यावर गंगोदकाची कावड तेवढी होती. इतक्या धामधुमीतून, इतक्या वाटांनी, ते पाणी त्यांनी वरसईपर्यंत आणले आणि आईवडिलांना त्याने स्नान घातले. कर्ज तसेच राहिले.